फीत क्रमांक चारशे सत्तावीस

दुपारी साडेचारला कार्डवाल्यानं ऑफिसातनं घरी फोन लावला आणि पलीकडं कुणी बोलेचना. घंटी वाजली, रिसीव्हर उचलल्याची खुडखुड झाली, आणि मग नुसता श्वास. "हॅलो," तो म्हणाला. श्वास. "हॅलो, कोण बोलतंय?" श्वास. "अगं, ऐकू येत नाहीये, जरा जोरात बोल की!" असा चांगला खेकसला तो. तेवढ्यात पलीकडनं रिसीव्हरवर नखानं टकटक झालं, दोनदा. जरा थांबून परत दोनदा. तेव्हा कुठं त्याच्या टाळक्यात उजेड पडला. बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन सव्वीस दिवस झाले होते. आवाजाची अख्खी पेटीच डॉक्टरांनी काढून टाकली होती. आता हे त्याला माहीत नव्हतं का? दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर दिवसभर तोच तर बसला होता. सव्वीस दिवस घरात पाटी-पेन्सिलीवर संसार चालला होता. पण फोनची सवय वर्षानुवर्षांची. बोट आपसूक फिरलं, तोंड आपसूक उघडलं. "उशीर होईल गं जरा," तो कसाबसा म्हणाला. दोनदा टकटक. दोनदा म्हणजे हो, हे त्यांचं दवाखान्यातच ठरलं होतं. त्यानं फोन ठेवला आणि तसाच उभा राहिला. बाई जर बोलली असती तर काय म्हणाली असती? "हॅलो" म्हणाली असती. ते तिचं "हॅलो" त्यानं मनातल्या मनात म्हणून बघितलं. आलं ते त्याच्याच आवाजात. परत म्हणून बघितलं. परत त्याच्याच आवाजात, फक्त जरा बारीक करून, नाटकात पुरुषानं बाईचं काम करावं तसं. मग मात्र त्याला घाम फुटला.

कारण बघा, त्याचं कामच आवाजांचं. सरकारी इमारतीच्या तळघरात नऊ हजार फिती, लोखंडी कपाटांत, एकाला एक चिकटून, आणि त्या सगळ्यांची कार्डं करणारा हा एकटा. शाळा आठवीपर्यंत; लागला तो हमाल म्हणून, फिती उचलायला. पण कान असा, की थोरल्या साहेबांनी त्याला उचलून टेबलावर बसवला. प्रत्येक फितीचं एक कार्ड: क्रमांक, तारीख, विषय, लांबी, आवाज कुणाचा. या "आवाज कुणाचा" रकान्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शिकलेसवरलेले लोक डोकं खाजवत बसायचे आणि हा नुसत्या खोकल्यावरनं माणूस सांगायचा. एकदा एका भाषणामागं कुणीतरी खुर्ची सरकवली, तर म्हणाला, हा आपल्या जुन्या शिपायाचा हात. आणि निघालं पण तसंच! नियम मात्र त्याचा कडक. खात्री असली तरच नाव. नसली तर "माहीत नाही." अंदाज म्हणून काही लिहायचं नाही. कार्डावर एकदा खोटं बसलं की पुढच्या माणसानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? असं तो बजावून सांगायचा. आणि असल्या माणसाला स्वतःच्या बायकोचं "हॅलो" आठवू नये. तिचं बोलणं आठवत होतं. "अहो, दूध बघा." "अहो, चष्मा डोक्यावर आहे." "तुमचं आपलं काहीतरीच." शब्द सगळे होते, धुतलेल्या भांड्यांसारखे रांगेत लावलेले. त्यांच्यात जे असतं ते कुणीतरी ओतून दिलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. यंत्राच्या खोलीत छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं, पिशवीत मावणारं. ते तो घेऊन गेलाही दवाखान्यात, कपड्यांखाली लपवून, चोरी केल्यासारखं. घरी त्यानं आयुष्यात टेपरेकॉर्डर येऊ दिला नव्हता. "दिवसभर कानात भुसा भरलेला असतो, घरी तरी शांतता असू दे," म्हणायचा. पिशवीतलं यंत्र बायकोला दिसलं आणि ती हसायला लागली. आवाज तर तेव्हाच बसलेला, फाटक्या पोत्यासारखा. "आता मला पण कपाटात ठेवताय का?" म्हणाली. "अगं, दोन शब्द बोल नुसते." "हा घोगरा आवाज ठेवून काय करायचंय? चांगला आहे की तुमच्याकडं. हजार फितींवर आहे. कधी मनात आलं की काढायचा आणि ऐकायचा. कुणाच्या बायकोचं एवढं जपलं असेल का सरकारनं?" आणि वर, "ठेवा ते आत. नर्स बघेल तर म्हणेल, नवरा भंगार विकायला बसतो की काय."  त्यानं यंत्र आत ठेवलं. त्याला सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी जिचा गळा चिरणार, तिला काय सांगायचं, की बाई, त्या हजार फितींवर तू नाहीस, आणि ते काम माझंच?

ते असं झालं. लग्नाआधी बायको तिथंच कामाला होती. तिचं काम पुकाऱ्याचं. कुठलीही फीत भरायच्या आधी फितीच्या तोंडाशी बाईमाणसाचा स्वच्छ आवाज भरायचा: फीत क्रमांक अमुक, तारीख अमुक महिना अमुक, विषय अमुक. साल बोलत नसत. साल क्रमांकावरनं दप्तरात सापडायचं. सात वर्षं तिनं हे केलं, लग्नाआधी आणि नंतरही. मध्ये फक्त मुलीच्या वेळी बाळंतपणाला पाच महिने घरी होती. तेवढ्यापुरती एक बदली मुलगी आली होती. तिचं कार्डवाल्याला एवढंच आठवत होतं, की तिला सारखी सर्दी असायची. तर हा फिती घेऊन उभा राहायचा आणि काचेपलीकडं ती कागद बघून बोलायची. एकदा विषय आला: बेडकांचे ओरडणे, डबक्याकाठी, पहाट. "बेडकांचे" म्हटलं की हिला हसू फुटायचं. चारदा भरलं, चारदा फिसकटलं. यंत्रावरचा माणूस शिव्या देत होता, आणि हा काचेला नाक लावून उभा. तिथंच तो कामातनं गेला म्हणा ना. पुढं मुलगी शाळेत जायला लागली, बायकोनं नोकरी सोडली, आणि काही वर्षांनी वरून हुकूम आला, की सगळं जुनं नव्या फितींवर उतरवा, आणि नव्या फिती कमी आहेत. साहेब डोक्याला हात लावून बसले. तेव्हा कार्डवाला पुढं झाला. ही अक्कल कुणी विचारली होती का? पण झाला. म्हणाला, साहेब, प्रत्येक फितीच्या तोंडाला अर्धा-अर्धा मिनिट पुकारा आहे. क्रमांक, तारीख, विषय सगळं माझ्या कार्डावर आहे. मग ते परत फितीवर कशाला? ते काढलं तर कितीतरी फिती वाचतात. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवसापासून अकरा वर्षं त्यानं हेच केलं. पितळी खाचेत फीत बसवायची, पुकारा संपतो तिथं पांढऱ्या पेन्सिलीची खूण, तिरपं पातं, कच्च. उरलेलं मागं उतरवायला पाठवायचं. एकेका दिवशी चाळीस-चाळीस. टेपांची डोकी भादरतो म्हणून यंत्रावरच्या माणसानं त्याचं नाव न्हावीदादा पाडलं, आणि ते सगळ्या इमारतीत चिकटलं. घरी बायकोनं विचारलं होतं, तुम्हाला न्हावीदादा का म्हणतात हो? तर म्हणाला, रोज गुळगुळीत दाढी करून जातो ना, म्हणून.

बेडकांची फीतही त्याच्याच हाताखालनं गेली. हे त्याला आता आठवायला लागलं. बसमध्ये, भाजी घेताना, जिना चढताना. ती फीत त्यानं लावली होती, तिचा पुकारा आला होता, आणि मागं दाबून धरलेलं ते हसू. तो एकटाच हसला होता. यंत्र मागं फिरवून परत एकदा ऐकलंही होतं. आणि मग खूण, पातं, कच्च. त्याला वाईट वाटलं नव्हतं. वाईट काय वाटायचं? ती घरी होती. संध्याकाळी गेलं की दारातच बोलायला सुरुवात करणार होती आणि हा म्हणणार होता, जरा दम घेऊ दे ना बाई. घरात असलेल्या माणसाचा आवाज कुणी जपून ठेवतं का? नळाचं पाणी कुणी बाटलीत भरून कपाटात ठेवतं का?

घरी गेला की पाटी. बायकोला दिवसेंदिवस तरतरी येत होती. गळ्यावर पांढरी जाळीची पट्टी, तिच्याखाली श्वास घ्यायला भोक, आणि डोळे नेहमीसारखे थट्टेखोर. पाटीवर भरभर लिहायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. "आज भात कच्चा होता. मी बोलू शकत नाही म्हणून खपलं." असलं काहीबाही. एकदा लिहिलं, "भांडायला पेन्सिल फार लागते." तो हसायचा. मग एका संध्याकाळी तिनं लिहिलं, "माझा आवाज आणा ना एकदा. कसा होता ते बघते." त्यानं वाचलं आणि म्हणाला, "आणतो की. शोधायला लागेल, कपाटं मागंपुढं झालीत." दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. ती लग्न होऊन दूरच्या शहरात. "बाबा, आई हल्ली फोन घेते आणि नुसती टकटक करते. मला रडू येतं हो. तुमच्याकडं तिच्या फिती आहेत ना? एक मला पाठवा. कुठलीही चालेल." "पाठवतो." "नक्की ना?" "अगं, म्हटलं ना पाठवतो." बायको समोरच बसली होती. तिनं पाटीवर लिहून त्याच्या नाकासमोर धरलं: "तिला बेडकांची द्या." आता काय करावं माणसानं? धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण धरणी तरी तिसऱ्या मजल्यावर कुठनं यायची.

रविवारी सकाळी तो गॅलरीत उभा होता. कुंड्यांत बायकोनं लावलेला वेल, काठीला बांधलेला, आणि बांधला होता तपकिरी फितीनं. त्यानं वाकून बघितलं. हो, फीतच होती. कापलेल्या तुकड्यांची पिशवी तो कधीमधी घरी आणायचा, लहानपणी मुलगी त्यांच्या झिरमिळ्या करायची. रद्दीचे गठ्ठे त्या तुकड्यांनीच बांधले जायचे, पाखरं हाकलायला गॅलरीत तेच लटकायचे. बायको म्हणायची, मजबूत आहे हो तुमची फीत, सुतळीपेक्षा बरी. म्हणजे बाई वर्षानुवर्षं आपल्याच आवाजानं रद्दी बांधत होती. त्यानं गाठ सोडवली, वेल बाजूला कलंडला, त्याकडं त्याचं लक्षही गेलं नाही. हातभर लांबीची ती फीत रुमालात गुंडाळून सोमवारी त्यानं यंत्रावरच्या माणसापुढं ठेवली. यंत्रावरचा म्हणजे त्याच्याच बरोबरीचा, दोघांची नोकरी एका महिन्यातली, तोंडानं फटकळ. त्यानं फीत उजेडाला धरली. "न्हावीदादा, हे काय आणलंस?" "लावून बघ." "अरे, हिचं वरचं कातडं गेलंय. उन्हात करपलीय." "लाव तर खरं." त्यानं लावली. घशात वाळू अडकल्यासारखी खरखर झाली आणि संपलं. दुसऱ्यांदा लावली. तेच. "यात आता नुसतं ऊन आहे," तो म्हणाला, "बाई नाही." मग कार्डवाल्याचं तोंड बघून गप्प झाला. फटकळ माणूस गप्प झाला की जास्त भीती वाटते. फीत परत रुमालात गुंडाळत म्हणाला, "वहिनी विचारतायत का?" यानं मान हलवली. "सांगून टाक की." "काय सांगू? तुझं मुंडकं मी छाटलं, हजार वेळा, आणि वर शाबासकी घेतली, असं सांगू?" "असं नको सांगूस," तो म्हणाला आणि यंत्र पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "तुझं पातं पोचलं नाही अशा आहेत काही. जिन्याखालच्या कपाटातल्या. रोगी फिती."

होत्या खऱ्या. ओल लागून चिकट झालेल्या, एकदा फिरवल्या की अंगावरची भुकटी सांडून जाते आणि दुसऱ्यांदा बोलत नाहीत, म्हणून कुणी हात न लावलेल्या. डबे सात. चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या. कुठल्या डब्यात काय, कळायला मार्ग नाही. फिरवल्याशिवाय कळत नाही आणि फिरवलं की जातं. पहिल्या तीन तर सुटल्याच नाहीत, गुळाच्या ढेपेसारख्या. चौथी मुकी. पाचवीत वारा. सहावी लावली तेव्हा तुटली, आणि तोंडाचा भागच चुरा होऊन खाली पडला. कार्डवाल्यानं तो चुरा कागदावर गोळा केला. का केला ते त्यालाच ठाऊक. राहिली एक. "ही आज नको," तो म्हणाला. "ही तिच्यादेखत लावू. बोलली तर बोलली."

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर इमारत रिकामी झाल्यावर तो बायकोला घेऊन आला. तिनं गळ्याभोवती रुमाल बांधला होता, निळा, ठेवणीतला. कितीतरी वर्षांनी ती त्या जिन्यानं उतरत होती. काचेपाशी थांबली, काचेवर बोट फिरवून धूळ दाखवली, आणि पाटीवर लिहिलं, "माझ्या वेळी असं नव्हतं." यंत्रावरचा म्हणाला, "वहिनी, तुमच्या वेळी आम्ही पण असे नव्हतो." ती हसली, हसली म्हणजे खांदे हलले आणि गळ्यातल्या भोकातनं वारा फुसफुसला. कान झाकणारी मोठी हेडफोनची जोडी तिच्या डोक्यावर चढवली, दुसरी यानं घेतली. शेजारच्या यंत्रात यंत्रावरच्यानं कॅसेट लावली, येईल ते उतरवायला. मग चकती फिरली. आधी चिकट ओरखडे. फितीखालच्या पांढऱ्या कागदावर तपकिरी भुकटी पडायला लागली, हळूहळू, दळण पडावं तशी. आणि एकदम, अगदी जवळ, कानात कुणी वाकून सांगावं तसा, एका तरुण पोरीचा आवाज आला: "फीत क्रमांक चारशे सत्तावीस. तारीख अकरा, महिना मार्च. विषय, गिरणीचा भोंगा आणि सुट्टीच्या वेळचे कामगार." स्वच्छ. शेवटी जरासा वर गेलेला. मग भोंगा झाला, माणसं बोलायला लागली, पावलं वाजली. त्यानं यंत्राकडं नाही, बायकोकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते. हात गळ्याच्या रुमालावर होता. मग तिनं मान हलवली, हो, हो, दोनदा, आणि डोळ्यांतनं पाणी. पाटी ओढली, लिहिलं, "केवढीशी पोर होते मी." कार्डवाल्याच्या छातीवरनं धोंडा उतरला. हाच तो. हाच. कसा विसरलो होतो आपण? शेवटचं ते वर जाणं, "अहो"मधलं "हो" असंच वर जायचं नाही का? तो आवाज त्यानं मनात परत म्हणून बघितला आणि यावेळी तो बाईचाच आला. यंत्रावरच्यानं पाठ फिरवून नाक शिंकरलं.

कॅसेट घरी गेली. शेजाऱ्यांकडनं टेपरेकॉर्डर आणला, मग नवाच घेतला. मुलीचा फोन आला तेव्हा बायकोनं रिसीव्हर त्या यंत्राला लावला आणि बटण दाबलं. मुलगी पलीकडं ओक्साबोक्शी रडली. "बाबा, आईच! असाच होता हो! मी तर विसरलेच होते!" बायकोनं लिहिलं, "बघा, सरकारनं कसं जपलं." आणि डोळा मिचकावला.

सोमवारी त्यानं चारशे सत्तावीसचं कार्ड करायला घेतलं. फीत आता रिकामी होती, भुकटी डबीत भरली होती, पण उतरवलेली आहे तर कार्ड पाहिजे. क्रमांक लिहिला. विषय लिहिला. तारीख लिहिली, अकरा मार्च. आता साल. साल बोललेलं नसतं, ते दप्तरात. तर त्यानं जुनं दप्तर काढलं, लाल पुठ्ठ्याचं, आणि बोट खाली सरकवत गेला. चारशे पंचवीस, चारशे सव्वीस, चारशे सत्तावीस. साल वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मुलीचा जन्म तीन मार्चचा, त्याच सालचा. अकरा मार्चला मुलगी आठ दिवसांची होती. हा रोज डबा घेऊन दवाखान्यात जात होता, आणि बाई खाटेवर, कुशीत लेक घेऊन. काचेपलीकडं त्या दिवशी उभी होती ती बदली मुलगी. सर्दीवाली. त्या दिवशी तिचं नाक मोकळं असणार.

त्यानं दप्तर मिटलं. पंखा फिरत होता. त्यानं मनात तो आवाज परत म्हणून बघितला, आणि आता जुना कुठला आणि हा कुठला, काही सुटं होईना. आता बायकोचं कुठलंही बोलणं आठवलं की त्या पोरीच्याच आवाजात येत होतं. "अहो, दूध बघा," ती म्हणत होती, सर्दीवाली, शेवट जरा वर नेऊन. परत ऐकायचं म्हटलं तर फीत संपलेली, आणि कॅसेट घरी, बायकोपाशी. यंत्रावरच्याला विचारावं? त्यानं काय, भावजयीसाठी नाक शिंकरलं होतं. बायकोला विचारावं? काय विचारायचं? तुला स्वतःचा आवाज ओळखता आला नाही का, की ओळखता आला आणि तू माझ्यासाठी मान हलवलीस? की न्हावीदादा का म्हणतात, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं? पाटीवर ती काय लिहील, आणि ते वाचायला कुठले डोळे आणायचे. कार्डावर एकच रकाना उरला होता. आवाज कुणाचा. नियमानं तिथं बदली मुलीचं नाव पाहिजे, पण नाव त्याला आठवत नव्हतं. तिला कुणी नावानं हाक मारलीच नव्हती. "माहीत नाही" लिहावं, तर माहीत तर होतं. पेन टेकवलं, उचललं. शाईचा एक ठिपका पडला. तीस वर्षांत पहिल्यांदा एक रकाना कोरा राहिला आणि तसंच ते कार्ड त्यानं खणात, बाकीच्यांमध्ये, त्याच्या जागी उभं केलं.

साडेचार झाले होते. त्यानं फोन लावला. घंटी वाजली, रिसीव्हर उचलल्याची खुडखुड झाली, मग श्वास. तो काही बोलणार तेवढ्यात पलीकडं कट्ट असं बटण दाबल्याचा आवाज आला. "फीत क्रमांक चारशे सत्तावीस," ती पोर म्हणाली, स्वच्छ, आनंदात असल्यासारखी. "तारीख अकरा, महिना मार्च." तो थांबला. मध्ये बोलायचं नाही, हा पुकाऱ्याचा नियम. विषय सांगून होईस्तोवर थांबला, भोंगा सुरू झाला, परत कट्ट झालं आणि शांतता.

"हो गं, मीच बोलतोय," तो म्हणाला. "आज जरा उशीर होईल."

दोनदा टकटक झालं.